हनुवटीवरचा व्रण

भिलाईच्या सिविक सेंटरला एक फोटो स्टुडिओ आहे. त्याचा मालक भेटेल त्याला सांगतो की माझी चित्रांची स्टाइल त्यानेच मला दिली. पूर्वी हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आताही फिरतं, पण आता मी आधी पाणी पिते. अडचण अशी की त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. त्याने मला बिघडलेला पेन टॅब्लेट विकला होता.

त्याआधी मी दुर्गच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात बसून स्टीलच्या भांड्यांवर नावं घालत असे. चरोद्याच्या घरून सकाळची लोकल धरायची आणि दुकानाच्या पायरीशी माझं छोटं यंत्र घेऊन बसायचं. त्याची सुई थरथरत राहते, हात मात्र थरथरून चालत नाही. लग्नाचा पूर्ण संच आला की पातेल्यापासून चमच्यापर्यंत मुलीच्या बापाचं नाव, गाव, सप्रेम भेट. स्टीलवर खोडरबर चालत नाही. अक्षर चुकलं की गिऱ्हाईक पुढची सात वर्षं प्रत्येक लग्नात ते भांडं दाखवतं. त्यामुळे एक रेघ, एकाच जोराने, एकदाच, ही सवय हाताला लागली. पुढे लोकांनी शेजारी वाटीभर भाजी पाठवणंच बंद केलं. वाटी परत येण्याचा प्रश्न मिटला आणि वाटीवर नाव घालण्याचाही.

मग एकदा पासपोर्ट फोटो काढायला त्या स्टुडिओत गेले, तर मालक संगणकावर एका नवऱ्यामुलाचा गाल ओढत होता. याला डिजिटल पेंटिंग म्हणतात, असं त्याने मला समजावलं. पद्धत सोपी आहे. फोटो घ्यायचा, ओले रंग बोटाने पुसावेत तसं पुसणारं एक साधन निवडायचं आणि त्वचेवरचा प्रत्येक खड्डा, तीळ, सुरकुती पसरवून टाकायची. मग केसांवर सोनेरी तारा काढायच्या आणि ओठांवर चमक ठेवायची. नवरा असो, नवरी असो, वारलेले आजोबा असोत, सगळ्यांच्या गालाला एकच तूप. लोक रांग लावून करून घेत होते. पंधरा दिवसांत शिकवतो, म्हणाला. मी म्हटलं, शिकवू नका, तो कोपऱ्यात पडलेला जुना टॅब्लेट विका.

तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा मी भाव ऐकून हसले आणि निघून गेले. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा त्याने पाठीमागून हाक मारली. तिसऱ्यांदा त्याने हाक मारली नाही, म्हणून छत्री विसरल्याचं निमित्त करून मीच परत गेले. शेवटी त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून कमी भावात मी तो टॅब्लेट पिशवीत घातला, आणि चरोद्यापर्यंत स्वतःच्या हुशारीवर खूश होत आले.

पेन टॅब्लेट म्हणजे एक काळी प्लास्टिकची पाटी आणि एक बिनशाईचं पेन. पेन दाबलं की पडद्यावर रेघ जाड होते, हलकं धरलं की बारीक. निदान सगळ्या जगात असं होतं. माझ्या पाटीवर मुंगीने चालावं तसं पेन चालवा नाही तर पाट्यावर मसाला वाटावा तसं रगडा, रेघ तेवढीच. दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेले.

"याचं प्रेशर चालत नाही," मी म्हटलं.

"मॅडम, सारा प्रेशर तो आपने मुझपे डाल दिया था," तो म्हणाला. "मशीन में कहाँ से बचेगा?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. पाटी मात्र घरी परत आणली, कारण घासाघीस करून घेतलेली वस्तू परत करणं हे माझ्या स्वभावात बसत नाही.

मग सुरू झालं माझं शिक्षण. इंटरनेटवर शिकवणाऱ्यांची कमी नाही. प्रत्येकाजवळ शेकड्याने ब्रश, आणि तेही फुकट. केसांचा ब्रश वेगळा, दाढीच्या खुंटांचा वेगळा, त्वचेच्या छिद्रांचा वेगळा. ढगांचा, गवताचा, विटांचा, पावसाचा. महिनाभर मी ब्रशच गोळा करत होते. लोणच्याच्या बरण्या मांडून ठेवाव्यात आणि घरात भात शिजू नये, तशी गत. वर त्यातला एकूण एक ब्रश पेनाच्या दाबावर चालणारा. माझ्या पाटीवर केसांचा ब्रश चालवला की झाडूच्या काड्या उमटायच्या.

वैतागून मी सगळे पुसून टाकले आणि एक ठेवला. चौकोनी, कडक कडेचा, कुठलीही जादू नसलेला. त्याने जे येईल ते खरं.

त्या ब्रशने गाल कसा काढायचा, हे मला कोणी सांगितलं नाही. रंग एकमेकांत मिसळता येईनात, तर मी ते शेजारी शेजारी ठेवायला लागले. गालाचे पाच रंग ठरवायचे, सगळ्यांत काळा आधी, सगळ्यांत उजळ शेवटी, आणि आखूड, सारख्या रुंदीचे फटकारे एकाला एक लावून घालत जायचे. कपाळावर आडवे, गालफडावर तिरके, मानेवर खाली उतरते. हाड जिकडे वळेल तिकडे फटकारा. जवळून बघितलं तर कौलं घातल्यासारखं दिसे, दारात उभं राहून बघितलं की गाल होई. चित्र दर थोड्या वेळाने आरशासारखं उलटं करून बघायचं, म्हणजे वाकडा डोळा लपत नाही. पडदा मोठा करून पापण्या मोजत बसायचं नाही. डोळे बारीक करून बघायचं की अंधार कुठे आहे आणि उजेड कुठे.

शिकवणारे सारखे म्हणत, स्वतःची स्टाइल शोधा. जशी काही ती खाटेखाली गेली आहे आणि झाडू फिरवला की निघेल. मी काही शोधलं नाही. दुसरं काही करताच येत नव्हतं म्हणून एकच गोष्ट करत राहिले. दोन वर्षांनी लोक म्हणाले, "हे तुमचं काम दिसते." एवढीच ती स्टाइल. पुढे माझ्याकडे चांगली पाटी आली, दाब ओळखणारी. तिचा दाब मी बंद करून ठेवला.

आता मूळ भांडणाकडे येते.

आमच्या लोकांनी, म्हणजे विदर्भातून इथल्या पोलाद कारखान्यात, प्लांटमध्ये, नोकरीला आलेल्यांनी, वर्गणी काढून एक समाजभवन बांधलं. त्याच्या मोठ्या भिंतीवर पहिल्या पिढीतल्या माणसांची चित्रं लावायची ठरली. ज्यांनी इथे येऊन झोपड्यांत दिवस काढले, भट्टीसमोर घाम गाळला, त्यांची. पूर्ण भिंत. असं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं. सुट्या चेहऱ्यांची गिऱ्हाइकं होती, पण ते चेहरे घरोघर जाऊन दाराआड बसत. भिंत मिळाली असती तर कोणाची स्टाइल कोणी दिली हा वाद कायमचा मिटला असता. मला ती भिंत हवी होती. नम्रपणे वगैरे नाही, हवीच होती.

समितीचे सचिव पन्नाशी ओलांडलेले, प्लांटमध्येच नोकरीला. मी त्यांना भाऊ म्हणते. भाऊ सावध माणूस. एक नाव माझं आणि एक त्या स्टुडिओवाल्याचं त्यांच्यासमोर होतं. त्यांनी ठरवलं की दोघांनी नमुना म्हणून एकच चेहरा काढायचा, आणि तो त्यांच्या वडिलांचा. ज्याचा आवडेल त्याला भिंत.

भाऊ चार वर्षांचे असतानाच त्यांचे वडील काविळीने गेले होते. घरात त्यांचा एकच फोटो. प्लांटच्या गेट पासवरच्या बोटभर फोटोवरून कोणीतरी फार पूर्वी मोठा करून दिलेला, काळापांढरा, धुरकट. मूळ पास प्लांटने तेव्हाच जमा करून घेतला होता. फोटोत उजव्या गालाच्या खालून हनुवटीपर्यंत एक वाकडा करडा पट्टा होता.

"भट्टीतला थेंब उडला होता," भाऊंनी मला सांगितलं. "तोंडावर घेतला, पण जागा नाही सोडली माझ्या बाबांनी. माझ्या पोरांले मी हेच सांगत असतो."

आता असा व्रण मिळणं म्हणजे माझ्या ब्रशला मेजवानी. मी त्या व्रणावर दोन दुपारी घालवल्या. भाजलेल्या कातडीची चमक वेगळी, कडेचा फुगवटा वेगळा, वळणाबरोबर प्रत्येक फटकारा तिरका. आजवर मी काढलेली सगळ्यांत चांगली हनुवटी ती. भाऊंनी चित्र अगदी पडद्याला नाक लावून बघितलं. मग म्हणाले, "चेहरा जवळून ठिगळं लावल्यासारखा दिसते, ताई. पण हे..." आणि त्यांनी व्रणाकडे बोट केलं. डोळे भरले होते. भिंत माझी झाली, हे मी मनात पक्कं करून टाकलं. "एकदा आईले दाखवून द्या," ते म्हणाले, "मग समितीत ठेवतो."

त्यांची आई ऐंशीच्या घरातली. सगळे त्यांना मावशी म्हणतात. दुपारी गेले तेव्हा त्या दारात बसून लसूण सोलत होत्या. मी लॅपटॉप उघडून समोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बघितलं, आणि पुन्हा पुसला.

"हे कायचं होय वं, तोंडावर?"

"मावशी, तो भाजल्याचा डाग नाही का? भट्टीतला."

"कोणाले भाजलं?"

"तुमच्या घरच्यांना."

"कधी?"

आता शहाण्या बाईने इथे गप्प बसायला हवं होतं. मी बसले नाही. मी त्यांना फोटो दाखवला, पट्टा दाखवला, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते समजावलं, आणि हनुवटीखाली कातडी कशी ओढली गेली आहे हेही सांगितलं. त्या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईशी मी तिच्या नवऱ्याच्या तोंडावरून घासाघीस करत होते. निदान छोटा डाग तरी असेल, मी म्हटलं. निदान एखादा ओरखडा.

मावशींनी लसणाची पाकळी खाली ठेवली.

"थो गेट पासचा ठप्पा होय, बाई. गोल ठप्पा मारत नोते का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर? थोच. तोंड साफ होतं त्याहीचं. भट्टीजवळ कायले जातीन? सामानाच्या स्टोरात होते."

मी रेल्वेवाल्याची मुलगी. माझ्या बापाच्या पासवर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर, घरातल्या प्रत्येक कागदावरच्या फोटोवर तो अर्धगोल शिक्का मी जन्मभर बघितला आहे. आणि बघणं हेच माझं काम, असं मी लोकांना ऐकवत असते. रबरी शिक्क्याला कातडीची चमक देणारी भिलाईतली पहिली कलाकार मीच असेन.

"भाऊंना हे माहीत नाही?" मी विचारलं.

"पोट्टा लहान होता. शाळेत कोणाले तरी सांगे, माह्या बाबाले भट्टीनं जाळलं म्हणून. मी म्हटलं सांगू दे. काविळीपेक्षा बरं वाटत असन त्याले."

मग त्या माझ्या शेजारी सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "आता खोल बरं तुहं दुकान. डोये असे नोते."

त्या आठवड्यात मी चार दुपारी मावशींकडे गेले. फोटो बंदच करून टाकला. त्या सांगत, मी काढत असे. त्यांच्या सांगण्याला चित्रकलेचा एक शब्द नव्हता. "झोपेतून उठल्यावानी पाहे, रागात असला तरी." "कान थोडा भायेर. टोपी अडकून राहे त्याच्यावर." "हसला नाही कधी फोटोत, पण आता हसते का काय असं वाटे." माझ्या कडक ब्रशने झोपेतून उठलेला डोळा येईना. प्रत्येक फटकाऱ्याला कड, आणि कड आली की डोळा जागा होई. मावशी प्रत्येक वेळी म्हणत, "लय हुशार दिसून राहिला. एवढा नोता."

माझी लाडकी स्टाइल, जिच्यावरून मी लोकांशी भांडते, तिला एक झोपाळू पापणी काढता येत नव्हती. शेवटी मी डाव्या हाताने कीबोर्डवरून रंगाचा दाटपणा कमी करत गेले, एका एका फटकाऱ्याला, आणि पापणीची खालची कड सोडून दिली. काढलीच नाही. गालाचा रंग तसाच डोळ्यात उतरू दिला. कपाळ, गालफडं, मान, सगळं आपल्या जागी कौलांसारखं, आणि मधे दोन ठिकाणी काहीच नाही. मावशी पुढे झुकल्या. मग मागे झाल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हं," म्हणाल्या. "आता जेवाले वाढा म्हणन."

ते चित्र मी भाऊंना दाखवलं.

"हे कोण?" भाऊ म्हणाले.

मी सगळं सांगितलं. ठप्पाही, स्टोरही. काविळीचं तेवढं गाळलं. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मग कडक झाला.

"आईचं वय झालं, ताई. विसरते ती."

"नवऱ्याचं तोंड विसरल्या?"

"मी रोज पाहिला आहे तो फोटो. रोज शाळेत जाताना पाया पडून गेलो. माझ्या बाबाले मी नाही ओळखणार?"

"तुम्ही फोटो ओळखता, भाऊ. त्या माणूस ओळखतात."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. खरं होतं म्हणूनच नको होतं. भाऊ शांतपणे म्हणाले, "पहिलं चित्र द्या. डागवालं. भिंत तुमची. नाही तर राहू द्या."

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. समोरच्याचा शेवटचा भाव मला त्याच्या आवाजात ऐकू येतो. हा शेवटचा होता. पहिलं चित्र माझ्याकडे होतंच. फाइल उघडायची आणि पाठवायची, एवढंच. मी म्हटलं, डाग थोडा फिका करून देते. म्हटलं, सावलीत घालते, ज्याला बघायचा त्याने बघावा. एक शिक्का माझ्यासारखी बाई किती तऱ्हेने विकू शकते, ते त्या दिवशी मलाच कळलं. भाऊ मान हलवत राहिले. मग माझ्या तोंडून निघालं, "मग राहू द्या," आणि मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की पडद्याला आजही एक उभी रेघ आहे.

स्टुडिओवाल्याने नमुन्यात त्या वडिलांचा गाल आधी पूर्ण पुसून टाकला होता, पट्ट्यासकट. त्याला वाटलं फोटोवरचा डाग आहे. एकदा तरी अगदी बरोबर. पण भाऊंनी सांगितल्यावर त्याने मऊ ब्रशने दोन मिनिटांत व्रण घालून दिला, आणि वर विचारलं म्हणे, "और थोड़ा गहरा कर दूँ, सर?" भिंत त्याला मिळाली.

उद्घाटनाला मी गेले नसते, पण मावशींनी निरोप पाठवला. भिंतीवर सगळे जण होते. झोपड्यांत राहिलेली, उन्हात विटा वाहिलेली माणसं, आणि सगळ्यांचे गाल कालच फेशियल करून आल्यासारखे. प्रत्येकाच्या मिशीत सोन्याची तार. स्टुडिओवाला नवा कोट घालून दाराशी उभा होता. मला बघून त्याने शेजारच्याला सांगितलं, "इनको मैंने ही लाइन में लाया." मी पाणी शोधत होते.

पहिला हार मावशींच्या हातून. भाऊंनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं. त्यांनी मान वर करून त्या गुळगुळीत, व्रणवाल्या, जाग्या डोळ्यांच्या माणसाकडे बघितलं. मी सांगते, मी वाटच बघत होते. आत्ता त्या मोठ्यानं विचारतील, हा कोण होय म्हणून. मी तर दुसऱ्या रांगेत पुढे सरकून बसले होते. मावशींनी हार घातला, हात जोडले, आणि येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"कोण होय हा?" मीच हळूच विचारलं. राहवलं नाही.

"मले काय मालूम," त्या म्हणाल्या. "पाहुणा असन कोणी. पाहुण्याले हार घालाच लागते."

मला इतकं हसू आलं की तोंडावर पदर धरावा लागला. म्हटलं, "मावशी, हे माइकवर सांगा ना. तिकडे जाऊन सांगा. मी धरते तुम्हाला, चला."

समोर भाऊ आपल्या नातवाला उचलून ते चित्र दाखवत होते. त्याचं बोट धरून व्रणावर टेकवलं होतं आणि काहीतरी सांगत होते. भट्टीचंच असणार.

"नको," मावशी म्हणाल्या. "माह्या पोराचा बाप होय थो. राहू दे."

माझ्याकडे भाऊंसाठी एक भांडण तयार होतं, स्टुडिओवाल्यासाठी दुसरं. दोन्हींची वाक्यंसुद्धा ठरली होती. मावशींनी पिशवीतून जेवणाचं कुपन काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, भात संपायच्या आत चाल. आम्ही रांगेत जाऊन उभ्या राहिलो.